चिखलवाटेवरील वाहन : चारही चाकांच्या शक्तीचा योग्य वापर

महाराष्ट्राच्या पठारावर बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली काळी जमीन शेतीला वरदान ठरली असली, तरी पावसाळ्यात वाहतुकीला ती मोठाच अडसर ठरते. या मातीतील चिकणकण पाणी शोषून फुगतात आणि दोन-चार दमदार सरींनंतर पाणंद रस्ते चिकट चिखलाने भरून जातात. कोकणातील तांबड्या मातीच्या चढणीही अशाच निसरड्या होतात. अडलेल्या बाळंतिणीला रुग्णालयात नेणे, लस पोहोचविणे, मतदान पथके केंद्रावर नेणे ही कामे मात्र याच वाटांनी करावी लागतात. अशा कामांसाठी चारही चाकांना शक्ती देणारी, म्हणजेच ‘फोर व्हील ड्राइव्ह’ची वाहने उपयोगी पडतात. ती असूनही रुतून बसतात, याचे एक कारण त्यांच्या दांड्यांच्या व गिअरच्या उपयोगाची अपुरी माहिती हे होय.

शक्तीची वाटणी

अशा वाहनात गिअरबॉक्सला जोडून ‘ट्रान्सफर केस’ असते. ‘२ एच’ स्थितीत शक्ती बहुधा मागील चाकांनाच मिळते. ‘४ एच’मध्ये पुढील व मागील आस एकमेकांशी जखडले जाऊन सारख्याच वेगाने फिरतात. ‘४ एल’मध्ये वेग सुमारे निम्मा किंवा त्याहून कमी होतो आणि चाकांचा ओढ घेण्याचा जोर त्याच प्रमाणात वाढतो.

तथापि, प्रत्येक आसावर ‘डिफरन्शियल’ असते. एक चाक चिखलात गरगरू लागले की त्याच आसावरील, घट्ट जमिनीवर असलेल्या दुसऱ्या चाकालाही पुरेसा जोर मिळत नाही. म्हणून पुढचे एक व मागचे एक अशी दोन चाके एकाच वेळी घसरली, तर डिफरन्शियल जखडण्याची सोय नसलेले वाहन जागीच अडकू शकते.

कोणती स्थिती केव्हा

कोरड्या डांबरी रस्त्यावर ‘२ एच’च वापरावे. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब अंतर कापतात. आस जखडलेले असल्यास हा फरक सामावला जात नाही, यंत्रणेवर ताण येतो आणि तिची मोडतोड होऊ शकते. मधला डिफरन्शियल असलेली, कायम चारही चाकांवर चालणारी वाहने यास अपवाद आहेत.

ओले गवत, सैल मुरूम व उथळ चिखल यांसाठी ‘४ एच’ योग्य होय. चिखलात शिरण्यापूर्वीच, चाके सरळ असताना व उत्पादकाच्या पुस्तिकेतील वेगमर्यादेत ते लावावे. चाके गरगरू लागल्यावर लावू नये. खोल चिखल, खडकाळ नाला किंवा तीव्र चढ-उतार यांसाठी ‘४ एल’ असते. ते लावताना बहुतेक वाहने थांबवावी लागतात. काही जुन्या जीपमध्ये त्याआधी खाली उतरून पुढील चाकांचे हब हाताने जोडावे लागतात.

गिअरची निवड

चिखलात जोरापेक्षा पकड महत्त्वाची असते. ‘४ एल’च्या पहिल्या गिअरमध्ये जोर इतका वाढतो की चाक सहज घसरते, म्हणून सपाट चिखलात दुसरा वा तिसरा गिअर बरा. अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा ठेवावा व मध्येच गिअर बदलू नये.

तीव्र उतारावर ‘४ एल’चा पहिला गिअर घालून इंजिनच्याच रोधाने उतरावे, क्लच दाबू नये. चढणीवर वाहन अडल्यास ते आडवे वळविण्याचा प्रयत्न करू नये. त्यात ते उलटण्याचा धोका असतो. रिव्हर्स गिअरमध्ये सरळ मागे उतरावे.

चाके जागीच फिरू लागताच अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, अन्यथा वाहन अधिकच खोल जाते. चाकांपुढील चिखल उपसून खाली दगड, फांद्या किंवा गोणपाट घालावे आणि हळूच मागे-पुढे करून बाहेर पडावे.

मर्यादांचे भान

चारही चाकांची शक्ती वाहन पुढे नेते. ते लवकर थांबविण्यास तिचा उपयोग नाही. निसरड्या रस्त्यावर ब्रेकचे अंतर वाढतेच. पुराच्या पाण्यात तर ही शक्ती व्यर्थ ठरते. सुमारे ३० सेंटिमीटर वाहते पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकते आणि ६० सेंटिमीटर वेगवान पाणी जीपसारखी वाहनेही. म्हणून फरशी पुलावरून पाणी वाहत असताना कितीही निकडीचे काम असले तरी थांबणे किंवा दुसरा मार्ग धरणे हाच शहाणपणा होय. आतील माणसे वाहून गेली, तर निकडीचे ते कामही होत नाही.

मृग लागण्यापूर्वी प्रत्येक कार्यालयाने आपल्या वाहनाची ‘४ एच’ व ‘४ एल’ यंत्रणा मऊ जमिनीवर चालवून पाहावी, टायर तपासावेत आणि दोर, फावडे व फळ्या सोबत ठेवण्याची व्यवस्था करावी. वाटेतील दलदलीच्या जागांची व पाण्याखाली जाणाऱ्या पुलांची माहिती ग्रामपंचायतीने आरोग्य केंद्राला व तहसील कार्यालयाला आगाऊ कळविल्यास ऐनवेळी रुग्णाचा मोलाचा वेळ वाचेल.