मी कशाकशाचा वर्गणीदार आहे?

हबशानहून फुजैराला जाणारी तेलवाहिनी सुमारे ४०० किमी लांब आहे. वाळवंटातल्या अशाच तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत नजर ठेवता यावी म्हणून अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल रचला.

समजा, तुमचा संगणक ‘हबशान/पंप३/दाब’ या टॉपिकचा वर्गणीदार आहे. (हो, टॉपिकचे नाव देवनागरीतही चालते!) संपर्क तुटून पुन्हा जुळला, तर ‘मी कशाकशाचा वर्गणीदार होतो?’ असे मधल्या ब्रोकरला विचारता येईल का? नाही. जुने सत्र शिल्लक आहे की नाही, एवढेच तो सांगतो. यादी त्याच्याकडे असते, पण ती मागण्याचा संदेशच प्रोटोकॉलमध्ये नाही. काही ब्रोकरांच्या व्यवस्थापकाला ती दिसते. तुमच्या प्रोग्रॅमला त्याचा काय उपयोग?

मग ‘#’ची, म्हणजे सरसकट वर्गणी घ्यावी? त्यात राखून ठेवलेले आणि यापुढे येणारे संदेश तेवढे दिसतात. गप्प बसलेला पंप दिसत नाही, आणि काळजी तर त्याचीच असते.

म्हणून यादी आपल्याच प्रोग्रॅममध्ये ठेवा आणि जोडणी होताच सगळ्या वर्गण्या पुन्हा घ्या. तीच वर्गणी दोनदा घेतली तरी ब्रोकर जुनीच्या जागी नवी ठेवतो. राखून ठेवलेला शेवटचा दाब मात्र सहसा पुन्हा मिळतो, आणि तो हवाच असतो.