घराची डागडुजी दुकानाच्या गल्ल्यातून नको!

व्हिडिओतला हिशोब इथे लिहून देतोय.

आधी माझी चूक सांगतो. एका पावसाळ्यात घराचा स्लॅब गळायला लागला. वॉटरप्रूफिंगचे ८० हजार मी दुकानाच्या भांडवलातून दिले. दिवाळीला माल भरायला पैसेच उरले नाहीत. नेहमीचं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं. खरं तर हे काम कधी ना कधी निघणारच होतं, मी ते धरलंच नव्हतं.

तुम्ही असं करा (आकडे आपापल्या घराचे घाला):

- रंगकाम: ६०,००० ÷ ५ वर्षे = वर्षाला १२,०००
- वॉटरप्रूफिंग: ८०,००० ÷ ८ वर्षे = १०,०००
- किचन-बाथरूम: १,५०,००० ÷ १५ वर्षे = १०,०००

एकूण ३२,०००, म्हणजे महिन्याला साधारण २,७०० रुपये. एवढ्याची वेगळी आरडी काढा. महागाई ६ टक्के धरली, तर आजचं ६० हजारांचं रंगकाम ५ वर्षांनी ८० हजारांना पडेल. म्हणून दरवर्षी नवी आरडी काढताना हप्ता वाढवा.

आणि बिलं जपा! वाढवलेली खोली, नवा मजला यांचा खर्च घर विकताना भांडवली नफा काढताना वजा होतो. रंगरंगोटीचा होत नाही.

आज वहीत या तीन ओळी लिहाच.