अस्थिधातूचे वार्धक्य आणि बीजदोष

गर्भाच्या पितृज भावांत चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात केश, नख, दंत यांबरोबर अस्थीचीही गणना केली आहे. त्यामुळेच असेल, अस्थिक्षयाच्या रुग्णाचा कुलवृत्तांत घेताना आपल्यापैकी अनेकांची चौकशी वडिलांपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. आमच्याही हातून हे बरीच वर्षे घडले.

रशियातील व्होल्गाकाठच्या चुवाश समाजात कोबिल्यान्स्की, लिव्हशिट्स आदी संशोधकांनी हाताच्या क्ष-किरण चित्रांवरून अस्थींचे वय मोजले. हाड विरळ होणे, सांध्याजवळ अस्थिवृद्धी होणे, सांध्याचा आकार बिघडणे या खुणांना गुण देऊन कुटुंबाकुटुंबांची तुलना केली. समवयस्क माणसांतही अस्थींचे वार्धक्य सारखे नसते. हा फरक बऱ्याच अंशी रक्ताच्या नात्यांतून चालत येतो, असे त्यातून दिसले. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार अस्थिघनतेतील ५० ते ८५ टक्के भेद आनुवंशिक असतो. मात्र याला एकच जनुक कारण नाही. १९९४ मध्ये ‘ड’ जीवनसत्त्वाच्या ग्राहकाच्या जनुकाचा मोठा गाजावाजा झाला. १९९७ मध्ये त्या संशोधकांनाच निष्कर्ष दुरुस्त करावे लागले. पुढे यूके बायोबँकेतील चार लाखांहून अधिक लोकांच्या टाचेच्या तपासणीतून जनुकसंचयातील ५१८ स्थाने सापडली, तरी त्यांतून घनतेतील भेदाचा जेमतेम पंचमांश उलगडतो.

आता मुख्य मुद्दा. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील ६५ वर्षांवरील नऊ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, जिच्या आईचे खुब्याचे हाड मोडले होते तिला तोच धोका सुमारे दुप्पट आढळला. ‘पितृज’ म्हणून आईला वगळणे त्यामुळे रुग्णाच्या हिताचे नाही. ते ग्रंथालाही धरून नाही; शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात माता आणि पिता या दोहोंच्या बीजदोषांचा विचार आहेच.

प्रश्न कसा विचारावा, हेही महत्त्वाचे. ‘घरात अस्थिक्षय होता का?’ असे विचारल्यास उत्तर बहुधा नकारार्थी येते. ‘आई किंवा आजी न्हाणीघरात घसरून पडली आणि मग अंथरुणालाच खिळली, असे झाले होते का?’ असे विचारावे. म्हातारपणी पाठीला बाक आला होता का, पाळी लवकर गेली का, हेही विचारावे. खुब्याचा अस्थिभंग घरोघरी ‘पडणे’ म्हणूनच स्मरणात राहतो, व्याधी म्हणून नव्हे.

औषधविक्रेत्या बंधूंनीही पाठदुखीसाठी परस्पर लाक्षादि गुग्गुळ मागणाऱ्या प्रौढ स्त्रीला एवढे विचारून, उत्तर होकारार्थी आल्यास आधी वैद्यांकडे पाठवावे. बीज बदलता येत नाही. परंतु अशा रुग्णेत घनतेची तपासणी, आहार, ऊन, चालणे आणि तिक्तक्षीर बस्ती यांचा विचार अस्थिभंगाची वाट न पाहता करता येतो.