बुरूज आतून का फुटतो?

नवी मुंबईत बेलापूरला, पनवेलच्या खाडीच्या मुखाजवळ एका टेकाडावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. सोळाव्या शतकात सिद्दींनी बांधलेला हा किल्ला पुढे पोर्तुगीजांकडे, मग मराठ्यांकडे आणि 1817 मध्ये इंग्रजांकडे गेला. इंग्रजांनी त्याची बरीच मोडतोड केली. तट जागोजाग नाहीसा झाला. राहिले ते मुख्यतः बुरुजाचे बांधकाम, अंगावर झाडांच्या मुळांचे जाळे घेऊन. तोफांनी जे पडले नाही, ते एका रोपट्याने का फुटावे?

बुरूज बहुधा गोल असतात. एक संत्रे सोलून फोडी न सुटू देता हाती घ्या आणि सगळीकडून दाबा. फोडी एकमेकींना अधिकच घट्ट भिडतात. आता मध्यभागी अंगठा घाला. फोडी लगेच अलग होतात. गोल बुरुजाचे चिरे असेच वागतात. बाहेरून तोफगोळा बसला की शेजारचे चिरे त्या चिऱ्याला आवळून धरतात. शिवाय गोलाकार अंगावर गोळा तिरका बसून घसरण्याचा संभव जास्त. पण दाब आतून आला, तर चिऱ्यांना धरून ठेवणारे काहीच नसते. पिंपाला लोखंडी पट्ट्या असतात, बुरुजाला नसतात.

आतून दाब आणतो कोण? पाणी. जाड बुरुजात दर्शनी चिऱ्यांच्या मागे दगडगोटे व चुन्याचा भराव असतो. कोकणात वर्षाला 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे बुरुजाच्या माथ्याच्या दर चौरस मीटरवर सुमारे 2000 लिटर, अर्थात दोन टन पाणी! माथ्याची फरसबंदी शाबूत असेल तर ते वाहून जाते; फुटली असेल तर भरावात मुरते, चुना हळूहळू विरघळवते व चिऱ्यांना बाहेर रेटते. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले पिंपळाचे बी याच ओलाव्यावर रुजते. मूळ जाड होत जाते आणि पाचरीचे काम करते.

चुन्याचा गुणही समजून घ्या. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजले की कार्बन डायऑक्साइड निघून कळीचा चुना उरतो. पाण्यात विरवून, वाळूत मिसळून तो लावला की हवेतला तोच वायू परत घेऊन तो घट्ट होतो. (शिंपल्याच्या पुडीवर व्हिनेगर टाका, येणारे बुडबुडे याच वायूचे.) मात्र जाड भिंतीच्या पोटात हवा पोचत नाही, म्हणून तिथला चुना पुष्कळ वर्षे मऊच राहतो. हा दोषच नव्हे. भिंत थोडी हलली तरी तो निमूटपणे सावरून घेतो.

म्हणूनच जुन्या बुरुजावर सिमेंटचा गिलावा करणे मला घातक वाटते. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंटखाली ती अडकते. खाडीकाठी त्या ओलीत मीठ असते. त्याचे स्फटिक बनताना दगडाचे पापुद्रे सुटतात. दुरुस्ती माथ्यापासून करावी लागते: आधी पाण्याला वाट, मग फटींत चुना. झाड तर उपटू नयेच. मुळाबरोबर चिरेही येतात. बुंधा कापून मूळ जागीच मारतात आणि ते कुजल्यावर पोकळी भरून घेतात.