क्रेन माशी आणि सारस : लांब पायांचा धडा



‘क्रेन’ म्हटलं की मुलांना बांधकामावरचं यंत्र आठवतं. पण इंग्रजीत हे मुळात क्रौंच कुळातल्या पक्ष्यांचं नाव. आपला सारस याच कुळातला. लांब मानेमुळे यंत्राला ते नाव मिळालं आणि लांब पायांमुळे एका माशीलाही.

ही क्रेन माशी दिव्याजवळच्या भिंतीवर बसलेली तुम्ही पाहिली असेल. “बापरे, केवढा डास!” म्हणत मुलं लगेच चप्पल उचलतात. त्यांना सांगा, हा डास नाही. हिला रक्त शोषणारी सोंड नसते, त्यामुळे ती चावत नाही. डास आणि ती दोघंही द्विपंखी गटातले, म्हणून सारखे दिसतात. पंखांच्या जोडीमागे टाचणीसारखे दोन बारीक अवयव दिसतील. उडताना तोल सांभाळायला ते मदत करतात. तिचे पाय मात्र फार नाजूक. शत्रूने पाय पकडला तर तो तुटतो आणि माशी निसटते. बऱ्याच जातींच्या अळ्या ओल्या मातीत कुजलेला पालापाचोळा खातात, म्हणजे मातीला मदतच करतात.

आता सारस. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच, जवळपास १.८ मीटर! त्याचे लांब पाय पाणथळ जागेत चालण्यासाठी. मुलं विचारतील, “याचा गुडघा मागे कसा वाकतो?” तो गुडघा नव्हे, घोटा असतो, खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. मागचं बोट लहान आणि वर असल्याने सारसाला बगळ्यासारखं फांदीवर बसता येत नाही. म्हणून घरटंही जमिनीवर, पाणथळीत किंवा धानाच्या बांधीत. अंडी साधारण दोनच. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदिया भागात, तेही थोडेच. शेतकऱ्याने घरट्यापुरती जागा सोडली, तरच पिल्लं वाचतात.

एकाला आपण न ओळखता मारतो, दुसऱ्याची जागाच काढून घेतो. आधी नीट बघायचं, मग ठरवायचं, एवढंच या धड्यातून मुलांना द्यायचं आहे.

उपक्रम : भिंतीवर असा कीटक दिसला तर हात न लावता बघा. सोंड आहे का? पाय किती लांब? चित्र काढा आणि ठरवा, डास की क्रेन माशी? डासांसाठी साचलेलं पाणी ओतून टाकायचं, ते मात्र विसरू नका.