आईनं जेवावं सगळ्यांबरोबर

पनवेलकडच्या गावांत लावणीच्या दिवसांत घरची बाई पहाटे उठते अन् उरलंसुरलं शेवटी खाते. अशानं रक्त कमी होतं. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांत रक्तक्षय आढळला.

ताई, रोज एवढं कराच: सगळ्यांबरोबर जेवा. भाकरीसोबत पालेभाजी, वर लिंबू पिळा. जेवणाला लागून चहा नको. दुपारी घटकाभर पाठ टेका.

दादा, तेवढा वेळ पोराला तुम्ही घ्या. बाळंतपणानंतर निदान दोन वर्षं पुन्हा दिवस जाऊ देऊ नका. झीज भरून यायला वेळ लागतो. तांबी, गोळ्या, निरोध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. दोघं मिळून जा, विचारा.

आई धडधाकट, तर घर उभं!