शंका-समाधान : पायाची बायपास शस्त्रक्रिया

शंका : वडील ६८ वर्षांचे, जुना मधुमेह. डाव्या अंगठ्याची जखम दोन महिने झाले तरी भरत नाही. रात्री पाय इतका ठणकतो की पलंगाखाली पाय सोडून बसून राहतात. डॉक्टर म्हणतात, मांडीतली शीर काढून बायपास करू. एक नस बंद आहेच. दुसरी चांगली शीर काढल्यावर पाय कायमचा अधू होईल का? घरात सगळेच घाबरलो आहोत.
– एक मुलगी, सातारा

समाधान : शंका साहजिक आहे, पण या दोन नसांची कामं वेगळी आहेत. बंद पडली आहे ती रोहिणी (हृदयाकडून पायाला रक्त पुरवणारी). काढणार ती त्वचेखालची नीला (रक्त हृदयाकडे परत नेणारी). परतीचं बहुतेक रक्त स्नायूंमधल्या खोल नीलांतून जातं, म्हणून वरची एक नीला काढल्याने पाय अधू होत नाही. नीलेतल्या झडपा रक्त एकाच दिशेने सोडतात. त्यामुळे ती उलटी करून जोडतात, किंवा जागेवरच ठेवून झडपा कापतात. गुडघ्याखाली रक्त न्यायचं असेल, तर कृत्रिम नळीपेक्षा स्वतःची नीला सहसा जास्त टिकते.

भीती शस्त्रक्रियेपेक्षा उशिराची बाळगावी. रात्रीचा ठणका आणि न भरणारी जखम म्हणजे पायाला विश्रांतीतही रक्त पुरत नाही. याच आठवड्यात रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवा. नीला सोनोग्राफीत पुरेशी रुंद आहे का आणि फुग्याची अँजिओप्लास्टी जमेल का, हे त्यांना विचारा. बोट काळं पडलं, पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

शंका : थोडं चाललं की उजव्या पोटरीत गोळा येतो, उभं राहिलं की जातो. विडी तरुणपणापासूनची. मित्र म्हणतात, आत्ताच बायपास कर, नाहीतर पाय कापावा लागेल. झोप उडाली आहे.
– निवृत्त एसटी वाहक, अहिल्यानगर

समाधान : असा त्रास असलेल्या बहुतेकांवर पाय गमावण्याची वेळ येत नाही, आणि बायपास हा पहिला उपाय नाही. आधी घोटा-दंड निर्देशांक (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर) मोजून घ्या. तो ०.९ किंवा त्याहून कमी आला, तर रोहिणी अरुंद झाली असं समजतात. मधुमेहात रोहिण्या कडक झाल्याने हा आकडा फसवा असू शकतो, तेव्हा बोटाचा दाब मोजतात.

फिजिशियनना हृदय तपासू द्या, मग आठवड्यातून किमान तीन दिवस ३० ते ४५ मिनिटं चाला. गोळा आला की थांबा, गेला की पुन्हा चाला. साधारण तीन महिन्यांत अंतर वाढू लागतं. विडी मात्र पूर्ण सुटायला हवी. रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या डॉक्टर देतील. त्या पायाइतक्याच हृदयासाठी असतात. बसल्या जागी दुखू लागलं किंवा जखम झाली, तर सर्जनना भेटा.

शंका : बायपासला पाच आठवडे झाले. संध्याकाळी पाय सुजतो, पोटरीची आतली बाजू बधिर वाटते. नवी नस बंद पडली असेल का? कुणाला विचारायचीही भीती वाटते.
– एक आजी, ठाणे

समाधान : आजी, या दोन्ही गोष्टी या शस्त्रक्रियेनंतर नेहमी दिसतात. रक्तपुरवठा वाढल्याने आणि छेदांमुळे येणारी सूज बहुधा दोन-तीन महिन्यांत ओसरते. बसताना पाय उंचावर ठेवा. नीलेशेजारच्या बारीक मज्जातंतूला (संवेदना नेणारा धागा) धक्का लागल्याने बधिरपणा येतो, तो हळूहळू कमी होतो. दाबपट्टी सर्जननी सांगितल्याशिवाय बांधू नका. पोटरी अचानक कडक, दुखरी झाली किंवा टाके लाल होऊन वाहू लागले, तर लगेच दाखवा.

जोडलेली नीला अरुंद होण्याचा धोका पहिल्या वर्षात जास्त असतो आणि तेव्हा काहीच जाणवत नाही. म्हणून ठरलेल्या तारखांना डॉप्लर सोनोग्राफी कराच. अरुंदपणा वेळेत सापडला तर दुरुस्त करता येतो. पाय एकाएकी गार, पांढरा पडला, तीव्र दुखू लागला किंवा बोटं हलेनाशी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. अशा वेळी पाय वाचवायला हातात काही तासच असतात.